पान ४६ वरचा ट्रान्झिस्टर

दिनविशेषाच्या रकान्यात ट्रान्झिस्टर कोणत्या तारखेला टाकायचा, हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. १६ डिसेंबर १९४७ रोजी तो पहिल्यांदा चालला. २३ डिसेंबरला बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतल्या वरिष्ठांना त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं गेलं आणि बहुतेक ठिकाणी हीच तारीख छापली जाते. पत्रकारांसमोर तो आला ३० जून १९४८ रोजी. दुसऱ्या दिवशी, १ जुलैला, न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली, पण ती पान ४६ वर, रेडिओविषयीच्या रोजच्या सदरात, अगदी शेवटी, चार छोट्या परिच्छेदांत. सदराचा मथळा होता उन्हाळ्यात सीबीएसवर सुरू होणाऱ्या दोन नव्या कार्यक्रमांचा.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात रस असलेली मंडळी हा किस्सा चवीने सांगतात. शतकातला एवढा मोठा शोध दारात येऊन उभा राहिला आणि पेपरवाल्यांना ओळखता आला नाही, असा सांगण्याचा सूर असतो. मला मात्र त्या सदरकाराची बाजू घ्यावीशी वाटते. बर्लिनची नाकेबंदी सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. टिटोच्या युगोस्लाव्हियाला कम्युनिस्ट देशांच्या कॉमिन्फॉर्ममधून नुकतंच काढून टाकलं होतं. आणि खुद्द १ जुलैपासून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचं भाडं पाच सेंटांवरून दहा सेंट झालं होतं, १९०४ पासून पहिल्यांदाच. मुंबईत लोकलचं भाडं एका रात्रीत दुप्पट झालं, तर दुसऱ्या दिवशी पेपरात काय असेल ते वेगळं सांगायला नको.

शिवाय पत्रकारांना दाखवलं काय होतं? जेमतेम अर्ध्या इंचाचं धातूचं नळकांडं. ते रेडिओत बसवलं तर व्हॉल्व्हशिवाय रेडिओ वाजतो, टेलिफोनच्या जोडणीत चालतं, टेलिव्हिजनमध्येही चालतं. बातमीत हे सगळं आलं आहे. आत निर्वात पोकळी नाही, काचेचा फुगा नाही, तापायला वेळ लागत नाही म्हणून बटण दाबताच काम सुरू, हेही आलं आहे. बातमी तंतोतंत बरोबर होती. ज्याच्या जागी ही वस्तू बसणार ती तेव्हा रेडिओत असायची, म्हणून ती रेडिओच्या सदरात गेली. नव्या यंत्राची बातमी देताना आपण आजही तेच करतो. ते कुठल्या जुन्या यंत्राची जागा घेणार, हा पहिला प्रश्न असतो, आणि पहिल्या दिवशी त्याचं तेवढंच उत्तर देता येतं.

याच पेपराने दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १९४६ मध्ये, एनिॲक या संगणकाची बातमी पहिल्या पानावर दिली होती. एनिॲकचं वजन तीस टन, आत जवळपास १८ हजार व्हॉल्व्ह, खोलीभर पसरलेली कपाटं. फोटो काढावा असा तो ऐवज होता. ट्रान्झिस्टरच्या बातमीत संगणकाचं नाव नाही. कारण एका सदराच्या चार परिच्छेदांत बसेल असा दुवा या दोन गोष्टींमध्ये तेव्हा दिसतच नव्हता.

बेल लॅब्जला संगणक बनवायचाही नव्हता. अमेरिकेतल्या एटी अँड टी या अवाढव्य टेलिफोन कंपनीची ही प्रयोगशाळा, आणि तिची अडचण टेलिफोनची होती. तारेतून जाणारा आवाज अंतराबरोबर क्षीण होत जातो, त्याला वाटेत ठिकठिकाणी बळ द्यावं लागतं. १९१५ मध्ये न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को फोनने जोडली गेली ती व्हॉल्व्हच्या जोरावर. व्हॉल्व्हमध्ये एक तापलेली तार इलेक्ट्रॉन सोडते, समोरची पट्टी ते गोळा करते आणि मधे एक जाळी असते. पाटाच्या पाण्याला लावलेल्या दारासारखं त्या जाळीचं काम. दार हलवायला एका हाताचा जोर पुरतो, पण त्याने कमीजास्त होतो तो अख्खा प्रवाह. जाळीवर फोनवरच्या आवाजाचा क्षीण विद्युतसंदेश द्यायचा आणि पट्टीकडून तोच संदेश मोठा होऊन घ्यायचा. युक्ती उत्तम, पण तार सतत तापवत ठेवावी लागे, वीज खाई आणि कधीतरी जळून जाई. देशभर असे हजारो व्हॉल्व्ह बदलत फिरणं म्हणजे डोकेदुखीच. संशोधन विभागाचे प्रमुख मर्व्हिन केली यांना म्हणूनच घन पदार्थातून हेच काम करणारं काहीतरी हवं होतं, ज्यात तापवायचं काही नाही आणि फुटायचं काही नाही.

युद्ध संपल्यावर त्यांनी न्यू जर्सीतल्या मरे हिलला एक गट उभा केला. गटप्रमुख विल्यम शॉकली. त्यांची १९४५ मधली कल्पना दिसायला सरळ होती. जर्मेनियम किंवा सिलिकॉनसारख्या अर्धवाहकाच्या तुकड्याजवळ विद्युतभारित पट्टी धरायची. तिच्या विद्युतक्षेत्रामुळे तुकड्यातली वीज कमीजास्त होईल. गणित सांगत होतं की चालेल, पण प्रयोगात काहीच होत नव्हतं. का होत नाही हे जॉन बार्डीन यांनी १९४६ मध्ये सांगितलं. तुकड्याच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन अडकून बसतात आणि बाहेरचं क्षेत्र आत शिरूच देत नाहीत. बार्डीन अबोल, कागदावर काम करणारे. वॉल्टर ब्रॅटन बडबडे आणि हाताने पटाईत. दोघांनी पृष्ठभागाचा पिच्छा पुरवला. डिसेंबर १९४७ मध्ये ब्रॅटन यांनी प्लॅस्टिकच्या त्रिकोणी तुकड्याच्या कडेवर सोन्याचा पातळ पत्रा चिकटवला, टोकाशी तो ब्लेडने अलगद चिरला आणि ते टोक स्प्रिंगने जर्मेनियमच्या तुकड्यावर दाबून धरलं. म्हणजे सोन्याची दोन टोकं, मधे सुमारे ०.०५ मिलिमीटर अंतर. एका टोकातून जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉनच्या ‘रिकाम्या जागा’ शिरतात, शेजारच्या टोकाकडे ओढल्या जातात, आणि पहिल्या टोकावरच्या क्षीण प्रवाहाची हुबेहूब नक्कल दुसऱ्या टोकाशी कितीतरी अधिक शक्तीने मिळते.

१६ डिसेंबरच्या संध्याकाळी बार्डीन घरी आले. आज आम्हाला काहीतरी सापडलं, असं त्यांनी बायकोला सांगितलं. जेन स्वयंपाकात होत्या, गाजरं सोलत होत्या. छान झालं, एवढं म्हणून त्या कामाला लागल्या. बार्डीन एरवी घरी कामाबद्दल अवाक्षर काढत नसत, त्यामुळे एवढं वाक्यही त्यांच्यासाठी भाषणच होतं. आठवडाभराने वरिष्ठांसमोर त्या जोडणीतून माणसाचा आवाज पाठवला गेला. शक्ती अठरापट किंवा त्याहून जास्त वाढल्याची नोंद ब्रॅटन यांच्या वहीत आहे.

शॉकलींचं काय झालं, हा या कथेतला सगळ्यात मानवी भाग आहे. गट त्यांचा, मूळ ध्यास त्यांचा आणि शोध लागला तो त्यांच्या हाताबाहेर. पेटंट आपल्या क्षेत्राच्या कल्पनेवर घ्यावं असा त्यांचा आग्रह होता. वकिलांनी शोधाशोध केली, तर ज्युलियस लिलिएनफेल्ड नावाच्या गृहस्थांनी त्याच कल्पनेची पेटंटं १९२० च्या दशकातच मागून ठेवलेली निघाली. मग अर्ज बार्डीन आणि ब्रॅटन यांच्या नावे गेला. शॉकली वर्षअखेरीस शिकागोच्या एका हॉटेलात गेले आणि नववर्षाच्या रात्री खोलीत बसून पानंच्या पानं गणित करत राहिले. महिनाभरात त्यांना दुसऱ्याच प्रकारचा ट्रान्झिस्टर सुचला. वर टेकवलेली टोकं नकोत. एकाच स्फटिकात वेगवेगळ्या भेसळीचे तीन थर असले की झालं. हा विचार त्यांनी काही आठवडे आपल्याच सहकाऱ्यांपासून लपवून ठेवला. द्वेषातून एवढं सरस काम झाल्याची उदाहरणं कमीच असतील. पुढे प्रसिद्धीसाठी काढलेल्या तिघांच्या फोटोत ब्रॅटन यांच्या टेबलाशी, त्यांच्या उपकरणांपुढे, शॉकलीच बसलेले दिसतात. ब्रॅटन यांना तो फोटो कधीच आवडला नाही.

‘ट्रान्झिस्टर’ हे नाव जॉन पिअर्स या सहकाऱ्याने सुचवलं. ते फावल्या वेळात टोपणनावाने विज्ञानकथाही लिहीत.

पत्रकार परिषदेच्या दिवशी जे नळकांडं दाखवलं गेलं ते खरं सांगायचं तर अडेल होतं. टोकं जरा हलली की बिघडे, खरखर करी, आणि एकाच हाताने बनवलेले दोन नग सारखे वागत नसत. १ जुलैच्या बातमीपासून घराघरात पोचण्यापर्यंतची वाट या अडचणींतून जाते, आणि तिच्यावरचे बरेचसे टप्पे कुठल्याच दिनविशेषात सापडत नाहीत. गॉर्डन टील यांचं काम घ्या. जर्मेनियमचे तुकडे अनेक बारीक स्फटिकांचे, खडीसाखरेसारखे जोडलेले असतात हाच घोळ आहे, असं त्यांचं म्हणणं. वितळलेल्या जर्मेनियममधून एकसंध स्फटिक हळूहळू वर ओढून काढला पाहिजे. शॉकलींना आधी याची गरज वाटली नाही. टील दिवसा नेमून दिलेलं काम करत आणि रात्री थांबून स्फटिक ओढत. १९५० मध्ये त्यांनी आणि मॉर्गन स्पार्क्स यांनी अशाच स्फटिकात तीन थर उतरवले आणि शॉकलींचा कागदावरचा ट्रान्झिस्टर प्रत्यक्षात आला.

दुसरे विल्यम फॅन. प्रयोगशाळेत ते साधे मदतनीस म्हणून लागले आणि रात्रीच्या महाविद्यालयात शिकून पदवीधर झाले. त्यांची युक्ती अशी होती की जर्मेनियमच्या कांडीचा एक अरुंद पट्टाच वितळवायचा आणि तो वितळलेला पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकवत न्यायचा. अशुद्ध कण द्रवात राहणं पसंत करतात, म्हणून ते पट्ट्याबरोबर सरकत टोकाला जाऊन जमा होतात. असं पुन्हा पुन्हा केलं की दहा अब्ज अणूंमध्ये एखादाच परका अणू राहील इतकी शुद्धता मिळते. एवढी शुद्ध वस्तू माणसाने तोवर कारखान्यात बनवली नव्हती. ही गोष्ट एखाद्या तारखेला ‘घडली’ असं म्हणता येत नाही. आज चिपच्या बातम्या वाचताना मी कंपनीच्या सोहळ्यापेक्षा अशा गोष्टी आधी शोधतो: माल किती शुद्ध, शंभरातले किती नग चालतात, आणि कृती कुणाला विकली.

कृती विकण्याचा भागही तितकाच महत्त्वाचा. एटी अँड टीवर सरकारचा मक्तेदारीविरोधी खटला चालू होता, त्यामुळे शोध मुठीत धरून बसणं तिला परवडणारं नव्हतं. पॅरिसमध्ये हर्बर्ट माटारे आणि हाइनरिश वेल्कर या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी जवळपास तेच उपकरण स्वतंत्रपणे बनवून १९४९ मध्ये दाखवलंही होतं. तेव्हा बेलने २५ हजार डॉलर भरणाऱ्याला परवाना द्यायला सुरुवात केली आणि एप्रिल १९५२ मध्ये परवानाधारकांचा वर्ग घेतला. सगळी कृती तपशिलाने शिकवली, तिची पुस्तकंही दिली. श्रवणयंत्र बनवणाऱ्यांकडून तर रॉयल्टीही घेतली नाही. अलेक्झांडर ग्रॅहम बेल आयुष्यभर बहिऱ्या मुलांना शिकवण्यासाठी झटले, त्यांच्या स्मरणार्थ. सामान्य माणसाने विकत घेतलेला पहिला ट्रान्झिस्टर म्हणूनच श्रवणयंत्रातला होता, १९५२ च्या अखेरीस आलेला.

परवाना घेणाऱ्यांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही तेव्हाची लहान कंपनी होती. टील बेल सोडून तिथेच गेले. मे १९५४ मध्ये ओहायोतल्या डेटनला एक परिषद झाली. एकामागून एक वक्ता सांगत होता की जर्मेनियम तापलं की कामातून जातं, पण सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बनायला अजून बरीच वर्षं लागतील. टील उठले, सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर माझ्या खिशात आहेत म्हणाले आणि काढून दाखवले. मग एका रेकॉर्ड प्लेअरचा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर तापलेल्या तेलात बुडवला, तेव्हा गाणं थांबलं. सिलिकॉनचा बुडवला, तर गाणं चालूच. श्रोते फोन करायला बाहेर धावले. माझ्या मते पहिल्या पानावर यायला हवी होती ती ही बातमी.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खिशात मावणारा रेजन्सी टीआर-१ रेडिओ जाहीर झाला. त्यात चार ट्रान्झिस्टर होते, किंमत ४९ डॉलर ९५ सेंट. परवाना जपानच्या टोकियो त्सुशिन कोग्यो या कंपनीनेही घेतला होता. तिचं पुढचं नाव सोनी. १९५५ मध्ये तिचाही रेडिओ आला. म्हणजे न्यूयॉर्क टाइम्सच्या सदरकाराने ज्या खणात बातमी ठेवली होती, तोच खण पुढची पंधरा-वीस वर्षं जगाला पटला. आपल्याकडे तर निश्चितच. फळीवरच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला घरात वीज लागे, आणि वीज महाराष्ट्रातल्या बहुसंख्य गावांत नव्हती. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर गोठ्यात, खळ्यावर, एसटीत कुठेही जाई. पोस्टात वर्षाचा परवाना भरला की झालं. बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठीतलं धावतं समालोचन याच डब्यातून शेताच्या बांधावर पोचलं.

संगणकाच्या बाजूला मुंबईत जे चाललं होतं त्यावरून तंत्रज्ञान किती वेगाने बदलत होतं ते ध्यानात येतं. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळी १९५० च्या दशकात भारतात रचलेला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक जोडत होती. हाताशी होते व्हॉल्व्ह. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह त्यात बसले. जर्मेनियम होतं ते फक्त डायोडपुरतं. जवाहरलाल नेहरूंनी जानेवारी १९६२ मध्ये त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण केलं, तोवर परदेशात ट्रान्झिस्टरचे संगणक विक्रीला येऊन काही वर्षं झाली होती. १९६४ मध्ये तसा एक, सीडीसी ३६००, याच संस्थेत आला. म्हणून टिफ्रॅक वाया गेला असं म्हणणं अन्यायाचं होईल. तो जोडणारे हात आणि त्यावर काम शिकलेली डोकी नसती, तर सीडीसीचं यंत्र खोक्यातून काढून चालवणार कोण होतं?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी सकाळी बार्डीन घरी अंडी परतत होते. रेडिओवर बातमी आली की शॉकली आणि ब्रॅटन यांच्याबरोबर त्यांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं आहे. तवा हातातून सुटला. (अतिवाहकतेच्या सिद्धांतासाठी १९७२ मध्ये त्यांना दुसरं नोबेल मिळालं. पदार्थविज्ञानात दोनदा नोबेल मिळालेले ते आजवरचे एकटेच.) शॉकलींनी त्याच वर्षी कॅलिफोर्नियात कंपनी काढली. त्यांच्या स्वभावाला कंटाळून १९५७ मध्ये आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर उभी केली. त्यांतल्याच रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी पुढे १९६८ मध्ये इंटेल काढली. शॉकली उत्तरायुष्यात वंशश्रेष्ठतेच्या भलत्याच सिद्धांतांच्या नादी लागले आणि मित्रांनाही दुरावले.

आता गंमत अशी की, ज्याच्या तारखेवरून लेखाला सुरुवात झाली, त्या सोन्याच्या टोकांच्या ट्रान्झिस्टरचा वंश राहिलाच नाही. दहाएक वर्षांत तो वापरातून गेला. शॉकलींच्या तीन थरांच्या ट्रान्झिस्टरने रेडिओ, टीव्ही आणि ट्रान्झिस्टरचे सुरुवातीचे संगणक सांभाळले. पण आज फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये जे असतात ते त्याही घराण्यातले नाहीत. ते आहेत मूळच्या फसलेल्या कल्पनेचे, क्षेत्राच्या जोरावर चालणारे, लिलिएनफेल्ड यांनी कागदावर मांडलेले आणि १९४५ मध्ये शॉकलींच्या हाती न लागलेले.

ते साधलं ते याच बेल लॅब्जमध्ये, बारा-चौदा वर्षांनी. इजिप्तमध्ये जन्मलेले मोहमद अटाला सिलिकॉनच्या पृष्ठभागाचा अभ्यास करत होते. सिलिकॉनवर त्याच्याच ऑक्साइडचा, म्हणजे जवळजवळ काचेचाच, नीट वाढवलेला पातळ थर बसवला की पृष्ठभागावर अडकून बसणारे इलेक्ट्रॉन बरेच कमी होतात, असं त्यांना आढळलं. बार्डीन यांनी दाखवलेला अडसर असा निघाला. जर्मेनियमला ही सोय नाही, कारण त्याचं ऑक्साइड पाण्यात विरघळतं. अटाला आणि कोरियात जन्मलेले दावोन कांग यांनी या थरावर धातूची पट्टी बसवून मॉसफेट नावाचा ट्रान्झिस्टर केला आणि १९६० मध्ये एका परिषदेत तो मांडला. तीन थरांच्या ट्रान्झिस्टरपेक्षा तो संथ होता, म्हणून खुद्द बेल लॅब्जने त्याचं फारसं कौतुक केलं नाही. आरसीए आणि फेअरचाइल्डने तो उचलला, कारण एका चकतीवर असे पुष्कळ कोरणं सोपं होतं. इंटेलच्या ४००४ या १९७१ च्या चिपमध्ये ते २,३०० होते; ॲपलने २०२० मध्ये आणलेल्या एम-१ चिपमध्ये १६ अब्ज. अटाला पुढे बेलमधून बाहेर पडले आणि १९७० च्या दशकात त्यांनी बँकांसाठी एक पेटी बनवली. एटीएमवर ग्राहक दाबतो तो पिन चोरांच्या हाती लागू नये म्हणून.